न तुटणारी साखरेची माळ

"मामा! तुटंना! चोवीस तास झाले, तुटतच न्हाई हे!"

संघमित्रा ओरडत व्हरांड्यात आली तेव्हा मी बेसिनपाशी काचेची भांडी विसळत होतो. दचकून हातातला फ्लास्क निसटला, फरशीवर तीन टप्पे खाऊन बुडावर सरळ उभा राहिला. खोटं वाटेल, पण त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत काहीच तुटायला तयार नव्हतं. फाटकावरचा गणपत शिपाई तिचा आवाज ऐकून हातोडा घेऊन धावत आला.

"कोणतं कुलूप तुटंना, म्याडम? सरका, मी बघतो."

"कुलूप न्हाई हो काका, पेप्टाइड!"

गणपतनं इकडंतिकडं बघितलं. "ते कोणत्या खोलीला लावलंय?"

त्याला हातोड्यासकट परत पाठवून मी संघमित्राच्या मागं मशीनच्या खोलीत गेलो. पडद्यावर आलेख होता आणि आलेखात एकच उंच शिखर.

"हे कालचं, सुरुवातीचं," ती म्हणाली. मग दुसरा आलेख उघडला. "अन् हे आत्ताचं."

दोन्ही शिखरं जुळ्या भावांसारखी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण माझ्या हाताला साबण होता आणि तोच हात मी डोळ्याला लावला होता.

परभणीतल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहायक होतो. कधी लागलो, कोणत्या श्रेणीतून कोणत्या श्रेणीत गेलो, हे सांगून मी या अंकाची पानं खाणार नाही. ते सगळं सेवापुस्तकात आहे आणि ते वाचताना आमचे हेडक्लार्कसुद्धा घोरायचे. मला सगळे मामा म्हणायचे. मला सख्खी बहीण नाही, तरी जिल्हाभर भाचे आहेत. त्यातली ही एक भाची, संघमित्रा. पालमकडच्या एका खेड्यातल्या मास्तरांची मुलगी, आमच्याकडं पीएच.डी. करत होती. तिची गोष्ट कळायची तर आधी आमचा धंदा थोडा कळायला पाहिजे.

पेप्टाइड म्हणजे मण्यांची माळ. मणी म्हणजे अमिनो आम्लं. डाळीत, दुधात, मटणात जी प्रथिनं असतात त्या लांबलचक माळा. आमची छोटी, डझनभर मण्यांची. ती ओवायला सुई-दोरा चालत नाही. रव्यासारखे दिसणारे प्लॅस्टिकचे बारीक कण असतात, त्यांना रेझिन म्हणतात. त्या कणाला पहिला मणी चिकटवायचा, त्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. भानगड अशी, की मण्याला दोन्ही बाजूंनी आकडे असतात. मोकळे सोडले तर गंगाखेडच्या गाडीत शिरणाऱ्या माणसांसारखे ते एकमेकांत कसेही अडकतात. म्हणून एका आकड्यावर टोपी घालून ठेवायची. मणी लावा, धुवा. टोपी काढा, धुवा. पुढचा मणी लावा, धुवा. माझं निम्मं आयुष्य या धुण्यात गेलं. परटाला सुद्धा एवढं धुवावं लागत नसेल.

टोपी काढायला पिपरिडिन नावाचं द्रव लागतं. वास असा, की सडक्या मासळीत कुणी मिरे वाटलेत. आमच्याकडं ती बाटली पहिल्यांदा उघडली तेव्हा मागच्या कडुलिंबावरचे कावळे उडाले ते थेट जिंतूरला जाऊन बसले. त्या पितृपक्षात आमच्या गल्लीत घास शिवायला कावळा मिळेना. लोक हसतात. हसू द्या. जिंतूरच्या लोकांना विचारा.

मणी नीट बसला का ते बघायला चार कण काढून त्यावर निनहायड्रिनचे थेंब घालायचे आणि तापवायचं. निळं झालं तर आकडे मोकळे राहिलेत, परत लावा. पिवळं राहिलं तर चहा प्या. हेच निनहायड्रिन बोटांना लागलं तर बोटं जांभळी होतात आणि दिवसेंदिवस तशीच राहतात. एका निवडणुकीला मी मतदानाला गेलो, तर टेबलामागच्या मास्तरांनी माझा पंजा उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "मामा, पाची बोटांनी करून आलाव का?" मला पाऊण तास बाजूला बसवून ठेवलं होतं.

शेवटी तयार माळ आम्लानं रेझिनवरून सोडवायची आणि थंड ईथरमध्ये टाकायची, म्हणजे पांढरा चुरा खाली बसतो. पुस्तकं लिहिणारे गार देशातले. ईथर अंगाच्या उबेला उकळतो हे त्यांना ठाऊक आहे, पण परभणीचा मे महिना ठाऊक नाही. आमच्याकडं बाटलीचं बूच सैल केलं की ईथर आपणहून निघून जायचा, जाताना पंख्याखाली बसलेल्याला झोपवून जायचा. म्हणून उन्हाळ्यात आम्ही हे काम पहाटे, बर्फाच्या घमेल्यात हात घालून करायचो.

आता साखर.

आमचे सय्यद सर, विभागातले प्राध्यापक आणि संघमित्राचे मार्गदर्शक, परभणीचेच. त्यांच्या डोक्यात एक औषध होतं. गायी-म्हशींची कास सुजते, दूध नासतं, त्या जंतूंना मारणारी एक पेप्टाइडची माळ. काचेच्या ताटलीत ती जंतूंना झोडपून काढायची. पण अंगात गेली की एन्झाइमं तिचे तुकडे करतात. एन्झाइम म्हणजे अंगातली कात्री. तिचं काम खाल्लेलं प्रथिन कापणं. तिला औषध काय अन् वरण काय, सारखंच. सरांचं म्हणणं, माळेतल्या एका मण्याला साखरेचा रेणू जोडला तर कात्री तिथं पोचणार नाही.

हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पार गोंधळलो. साखर लावली की मुंग्या जास्त येतात, हे माझ्या घरचं शास्त्र. गंगाखेडचे माझे साडू दत्तराव, ऊसवाले, त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि एक दिवस ते साखरेची पिशवी घेऊन थेट प्रयोगशाळेत हजर.

"घ्या," पिशवी टेबलावर आपटत म्हणाले, "लावा किती लावायची ती. कमी पडली तर अजून आणतो."

"दाजी, ही ती साखर न्हाई. ती वेगळ्या जातीची. तिच्या अंगावर चार-चार झगे घातलेले असतात, माळेत बसवल्यावर शेवटी हळूच काढावे लागतात. घाई केली तर झग्याबरोबर साखरबी गळून पडती."

दत्तरावांनी पिशवी परत स्वतःकडं ओढली. "मग आमी येवढा ऊस कामून लावलाय?"

सय्यद सर आतून बाहेर आले, साखर बघितली, दत्तरावांना बघितलं आणि त्यांनीच समजावलं. "दत्तराव, तुमी पालमच्या यष्टीत बसले. कंडक्टर चिमटा घेऊन तिकिटं कापत यायला. मधल्या वाटेत तुमी तुमचं पोतं ठेवलं. कंडक्टर पुढं येईल?"

"न्हाई येणार."

"बस. एन्झाइम कंडक्टर. साखर पोतं."

"पर सर," दत्तराव म्हणाले, "कंडक्टर वरडून पोतं काढायला लावतो की."

सर चष्मा पुसत आत गेले. त्या साखरेचा आम्ही महिनाभर चहा प्यायलो आणि प्रत्येक कपाला मला तो प्रश्न आठवायचा.

तर संघमित्रानं चार वर्षं खपून दोन माळा केल्या. एक साधी, एक साखरेची. दोन्ही ट्रिप्सिन नावाच्या कात्रीपुढं ठेवायच्या, अंगाच्या उबेला, आणि ठरावीक वेळानं थेंब काढून मशीनमधून पळवायचा. अख्खी माळ असली तर शिखर तसंच उभं. तुटली तर शिखर खचतं आणि बाजूला छोटी छोटी टेकाडं उगवतात. साधी माळ तिनं भाद्रपदात तीनदा तपासली. तीनही वेळा तासाभरात शिखर पार भुईसपाट. साखरेची माळ तयार व्हायला दसरा उजाडला. ती तपासली दसऱ्यानंतर. आणि ती तुटेना.

सय्यद सर आले. दोन्ही आलेख शेजारी धरून बघितले, चष्मा काढून बघितले.

"साधी माळ सोबत लावली का?"

"साधी संपली, सर. पण ती आधीच तीनदा झाली की."

सरांनी भिंतीकडं बघितलं. परीक्षांचं काम त्यांच्या डोक्यावर होतं. "ठीक है," म्हणाले. "और दो बार करो."

तिनं अजून दोनदा केलं. तुटेना. ते 'ठीक है' सरांनी म्हणायला नको होतं. आणि मी तिथंच उभा होतो. माझी एक सवय तेव्हाच मला आठवायला पाहिजे होती. ती सांगतो पुढं.

सरांनी हैदराबादला निरोप धाडला. तिथल्या एका मोठ्या संस्थेत चर्चासत्र होतं, पंधरा-वीस दिवसांवर. तिथले मुख्य शास्त्रज्ञ सरांच्या ओळखीचे. त्यांनी कळवलं, मुलीनं येऊन बोलावं. आणि त्यांच्याकडं पुढच्या संशोधनाची एक जागा रिकामी आहे, भाषण ऐकून ठरवू. एकच जागा. संघमित्राच्या वडिलांचा पालमहून फोन आला तो माझ्या मोबाइलवर, कारण पोरगी उचलत नव्हती. "मामा, खरंच का हो?" मी म्हणालो, "गुरुजी, आता तिला परभणीत ठेवायची तर साखळदंड लागतील." माझी जीभ ही अशी.

मग ती पाकळी निघाली.

चार-पाच दिवसांनी मी बर्फाची पिशवी घ्यायला फ्रीझर उघडला. खालच्या कप्प्याच्या तळाशी बर्फाची जाड वडी जमली होती. जमतेच, म्हणून खुरप्यानं खरवडायला लागलो. वडीचा एक तुकडा हातात आला आणि त्याच्यात, मधोमध, काचेत ठेवावी तशी झेंडूची पाकळी.

मी तो तुकडा उजेडाला धरून उभा राहिलो. झेंडू फ्रीझरला मीच वाहिला होता, दाराच्या फटीत खोचून, खंडेनवमीला. आमच्या विभागात खंडेनवमी माझ्याकडं असायची. सुतार पटाशीला पुजतो, तसा मी तराजूला, ब्युरेटच्या स्टँडला, निर्वात पंपाला हळदीकुंकू लावायचो. मशीनला झेंडूचा हार. उंबऱ्यावर नारळ. सय्यद सर खोबऱ्याला थांबायचे आणि एवढंच विचारायचे, "पंप को फूल डाले ना?" कारण पंप सगळ्यांत जास्त रुसायचा. मग हत्यारांना विश्रांती. नवमीच्या दुपारी मी खोलीचा मेन स्विच खाली करायचो तो दसरा सरल्यावर सकाळी वर. इतकी वर्षं हेच.

इतकी वर्षं फ्रीझर शेजारच्या कोठीत होता, वेगळ्या वायरीवर. त्या वर्षी श्रावणात कोठीचं छत गळायला लागलं म्हणून तो मशीनच्या खोलीत आणला. आणणारा कोण? मी. आणि नवमीला माझ्या हातानं नेहमीच्या सवयीनं मेन स्विच खाली ओढला. डोक्याला विचारायची हाताला गरज वाटली नाही. दसऱ्यानंतर सकाळी आलो तर फ्रीझरखाली पाणी होतं. मला वाटलं नारळाचं. खांद्यावरची दस्ती काढून पुसून टाकलं. संघमित्रा घरच्यांबरोबर नागपूरला गेली होती, दीक्षाभूमीला, दरवर्षीसारखी. ती परत आली तेव्हा सगळं पुन्हा गोठून दगड झालेलं होतं.

पाकळी बर्फावर पडली असती तर वर दिसली असती. ती बर्फाच्या आत होती. म्हणजे ती पडली तेव्हा बर्फ नव्हता, पाणी होतं. फ्रीझर बंद होता, दीड दिवसावर, आश्विनातल्या उकाड्यात. आणि ट्रिप्सिनच्या कात्रीच्या नळ्या त्याच फ्रीझरात.

माझ्या डोक्याचं जे काही झालं ते सांगता येत नाही. मी तुकडा परत ठेवला, दार लावलं, परत उघडलं. कात्री मेली असेल? का गोठली की परत जिवंत होते? पेप्टाइडला काही झालं असेल? ते तर कोरडा चुरा, त्याला काय होतंय. पण मग तुटेना ते साखरेमुळं, का माझ्या झेंडूमुळं? आणि समजा झेंडूमुळं, तर हैदराबाद? दोन दिवस मी भाजीत मीठ आहे का नाही हे सुद्धा सांगू शकलो नाही. बायको म्हणाली, "दवाखान्यात चला." तिसऱ्या दिवशी मी संघमित्राला गाठलं. ती भाषणाची चित्रं करत बसली होती.

"संघमित्रा, दसऱ्याला फ्रीझर बंद होता."

ती पडद्यावरून नजर न काढता हसली. "मग ती शिंक वितळली का, मामा?"

झालं. मागच्या उन्हाळ्यात मीच पोरापोरींना सांगितलं होतं, की या फ्रीझरात इतकं गार होतं की मी एकदा आत तोंड घालून शिंकलो तर शिंक गोठून खाली पडली आणि मला सुपलीनं भरून काढावी लागली.

"चेष्टा न्हाई. मी खरं सांगायलोय."

"तुमी नेहमी हेच म्हणता की."

सरांकडं गेलो. सर सह्या करत होते. मी सगळं सांगितलं, मेन स्विच, पाणी, दस्ती. सरांनी मान वर केली. "मामा, कावळे आले का जिंतूरहून वापस?"

आयुष्यभर मी लोकांना खोटं खपवलं आणि एकानं सुद्धा शंका घेतली नाही. एकदा खरं घेऊन गेलो तर दोन दारांतून हात हलवत परत आलो. शेवटी बर्फाचा तो तुकडा बीकरमध्ये घालून संघमित्राच्या कीबोर्डवर ठेवला.

"मामा, पाणी पडेल!"

"पडू दे. बघ."

तिनं बीकर उचलून उजेडात धरलं. "पाकळी हाय. वरून पडली असेल."

"कुठं हाय?"

"आत." तिनं बीकर फिरवून बघितलं. "आत कशी गेली?"

तिचं हसू तिथंच राहिलं, चेहऱ्यावर, पण त्याला आता काही काम नव्हतं.

"साधी माळ असती तर आत्ता कळलं असतं," ती हळू म्हणाली. "याच नळीतली कात्री, साधी माळ. तासाभराचं काम. पण साधी संपली."

"तुझी संपली."

आणि आता ती सवय सांगतो. आमच्या प्रयोगशाळेत जे जे म्हणून तयार झालं, त्यातली चिमूटभर मी मागं ठेवायचो. कुणाला न सांगता, छोट्या शिशीत, वर चिठ्ठी. कशासाठी? खरं सांगायचं तर मिरवण्यासाठी. म्हातारपणी नातवंडांना दाखवीन, हे बघा, हे सगळं तुमच्या आज्यानं केलं. माझ्या कपाटात शे-दीडशे शिश्या होत्या. तिच्या साध्या माळेचीही होती.

संघमित्रानं त्याच फ्रीझरातली कात्रीची नळी घेतली, माझी चिमूट घेतली, दोन्ही एकत्र केली आणि गरम पाण्याच्या टाकीत ठेवली. आम्ही दोघं स्टुलावर बसलो. अर्ध्या तासानं थेंब काढला. शिखर उभं.

"अजून वेळ हाय," मी म्हणालो.

तासानं काढला. भाद्रपदात याच तासाला हे शिखर भुईसपाट झालं होतं. आज उभं. दोन तासांनी उभं. साखर नसलेली साधी माळ, जिला कुणीही तोडावं, ती सुद्धा तुटेना.

तिनं हातमोजे काढले, एकेक बोट सोडवत. "कात्रीच मेलेली होती," ती म्हणाली. ट्रिप्सिनची खोड अशी आहे, की पातळ द्रावणात उबेला ठेवलं आणि कापायला दुसरं काही मिळालं नाही तर ते स्वतःलाच कापून खातं. तिनं घाईच्या वेळी सोपं जावं म्हणून कात्री आधीच द्रावणात विरघळवून नळ्या भरून ठेवल्या होत्या. माझ्या विश्रांतीच्या दीड दिवसात त्या कात्रीनं स्वतःचा फडशा पाडला होता.

"मेन स्विच तुमी खाली केला?"

"हो."

ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो. भांडी आपटली असती, माझ्या टकलावर फ्लास्क फोडला असता तरी चाललं असतं. ती मशीन धुवायला लागली.

ओरडले सय्यद सर. खिडक्यांच्या काचा हलल्या. हे मात्र मी वाढवून सांगत नाही, गणपत परत हातोडा घेऊन आला होता. "इतनी उमर हो गयी मामा, अक्कल कब आयेगी?" मग स्वतःवरच उलटले, "मैं भी गधा! साधी माळ सोबत लावायला पाहिजे होती, बस्स!" मग शांत झाल्यावर संघमित्राला म्हणाले, "चर्चासत्र दहा दिवसांवर आलंय. तुझी मर्जी. नवी कात्री मागवू."

नवी कात्री आली. आणि खरा गोंधळ तिथून सुरू झाला. साखरेची माळ ताज्या कात्रीपुढं ठेवली तर पहिल्या वेळी पाच तासांनी निम्मी शिल्लक. दुसऱ्या वेळी तिसरा हिस्सा. तिसऱ्या वेळी पुन्हा निम्मी. माझ्या शिशीतली उरलेली साधी मात्र तासात खलास. म्हणजे साखर काम करत होती. पण मग तुटत का होती? आणि एकदा इतकी, एकदा तितकी का? सर म्हणाले पाण्याची टाकी तापमान धरत नाही. संघमित्रा म्हणाली आपलं मोजणं चुकतंय. मी म्हणालो कंडक्टर ओरडून पोतं काढायला लावतोय. कुणी हसलं नाही. खरं सांगायचं तर मी तो विनोद म्हणून म्हणालोच नव्हतो.

टाकी खरंच तापमान धरत नव्हती, दुरुस्त केली; आकडे थोडे जवळ आले, पण शिखर खचतच होतं. मग एका सकाळी संघमित्रानं बाजूच्या छोट्या टेकाडांपैकी एक वेगळं काढून हैदराबादच्या एका ओळखीच्याकडं वजन करायला धाडलं, वजनावरून तुकडा कोणता ते कळतं. उत्तर आलं: तो माळेचा मागचा तुकडा. साखर मात्र जागेवरच होती, गळलेली नव्हती. म्हणजे कात्री साखरेपाशी कापत नव्हती. माळेत कापायच्या दोन जागा होत्या. एक साखरेनं झाकली, दुसरी उघडी. कात्री पहिल्या जागी अडली की सावकाश दुसरीकडं वळायची. पुढच्या दारात पोतं आणि मागचं दार सताड उघडं, अशी आमची यष्टी. इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण मेलेली कात्री कोणत्याच दारानं येत नव्हती.

हैदराबादला जायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हणालो, "तिथं एवढंच सांग, की लय टिकती. किती, ते विचारलं तर मग सांग."

"विचारतीलच."

"न्हाई विचारलं तर?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी गणपतकडं तंबाखू मागायला निघून गेलो.

ती गेली, बोलली. संध्याकाळी सरांना फोन आला, मी शेजारी कान लावून. तिनं आधीचा आलेख दाखवला, तो का चुकला ते सांगितलं, फ्रीझर बंद राहिला होता एवढंच, कुणी बंद केला ते नाही. मग ताज्या कात्रीचे आकडे दाखवले: साध्या माळेपेक्षा बरीच टिकते, पण तुटते. लोकांनी दोन प्रश्न विचारले. मुख्य शास्त्रज्ञ म्हणाले, काम प्रामाणिक आहे. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्याच्या कामात काय होतं ते सरांनी मला समजावलं होतं. मला कळलं नाही आणि मी परत विचारलं नाही.

प्रबंध झाला. संघमित्रा डॉक्टर झाली. गुरुजींनी पालमला पेढे वाटले. मला पाव किलो जादा दिले, ते का ते मी विचारलं नाही. आता ती गंगाखेडला ज्युनियर कॉलेजात शिकवते आणि शनिवारी सकाळच्या गाडीनं परभणीला येते, दुसऱ्या दारातही साखर बसवायला. दुसरी साखर बसवली तर पहिली वाकडी होते, जंतू मरायचे थांबतात, असं सध्या दिसतंय. का, ते सय्यद सरांना ठाऊक नाही, तिला नाही. मला असायचं कारण नाही. मी निवृत्त झालो, तरी शनिवारी जातो, भांडी धुवायला. ओळखपत्र नाही, पण गणपत सोडतो.

मागच्या एका शनिवारी आम्ही दोघंच होतो. ती रेझिन धूत होती, मी बाटल्या भरत होतो. बरेच दिवस पोटात असलेलं मी विचारून टाकलं.

"पोरी, मी तेव्हा तोंड बंद ठेवलं असतं, तर तू आज हैदराबादला असतीस ना?"

तिनं नळी उचलून उजेडात बघितली, परत खाली ठेवली.

"असते की," ती म्हणाली. "दुसरं कुणी तोच प्रयोग करून बघेपर्यंत."